निधनाच्या रकान्याला कुलूप

माझे यजमान डॉक्टर होते. ते गेल्यावर बंगल्याच्या पुढची दवाखान्याची खोली बरीच वर्षं बंद होती. ती भाड्यानं द्यायची ठरवल्यावर तिघंजण बघायला आले. एकाला ब्यूटी पार्लर काढायचं होतं, दुसऱ्याला कुत्र्यांचा दवाखाना. तिसरा नागसेन. उंच, काटकुळा, पूर्ण बाह्यांच्या शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेला. त्याला वर्तमानपत्र काढायचं होतं.

"छपाईच्या यंत्राचा आवाज किती होईल?" मी विचारलं.

"यंत्र न्हाय, काकू. एक लॅपटॉप आणि एक फोन."

"आणि कागद कुठं ठेवणार?"

"कागद पण न्हाय."

"मग वर्तमानपत्र कसलं?"

"लोकंबी तेच म्हणत्यात," तो म्हणाला. "कागदच न्हाय तर पैसे कशाचे द्यायचे?"

पार्लरचा वास आणि कुत्र्यांचं भुंकणं यांच्यापेक्षा हा बरा म्हणून मी त्याला किल्ली दिली. त्यानं खोलीबाहेर पाटी लावली: 'गल्लीतलं'. कोल्हापूर शहराच्या बातम्या, फोनवर, फुकट. त्याआधी तो एका दैनिकात बातमीदार होता. तिथं बातमीबरोबर जाहिरातही आणायची असा नियम झाला. ज्याच्याविरुद्ध सकाळी लिहायचं त्याच्याकडेच दुपारी जाहिरात मागायला जायचं हे त्याला जमेना. नोकरी सोडून त्यानं स्वतःचं पोर्टल काढलं. त्यामुळे आता त्याला कोणाविरुद्धही लिहिता येत होतं आणि जाहिरात कोणीच देत नव्हतं.

तो लिहायचा मात्र मन लावून. एकदा त्यानं शहरातल्या एका नाल्यावर मोठा वृत्तांत केला. नाला पूर्वी कुठून वाहत होता, आता कोणाच्या भिंतीखाली गडप होतो आणि पावसाळ्यात कोणाच्या स्वयंपाकघरात उगवतो, हे त्यानं नकाशे काढून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, गुडघाभर चिखलात उभं राहून शोधलं होतं. मी तो वाचला, त्याच्या बायकोनं वाचला, आणि ज्यांची भिंत होती त्यांनी वकिलाकरवी वाचला. त्याच संध्याकाळी त्यानं मंगळवार पेठेतल्या एका वृद्ध न्हाव्याच्या निधनाची चार ओळींची बातमी टाकली. ती अख्ख्या शहरानं वाचली.

नागसेनच्या पडद्यावर कोणती बातमी किती जण बघतात याचा एक आलेख असे. नाल्याची रेघ जमिनीला चिकटून होती आणि न्हाव्याची छताला लागली होती.

यात आश्चर्य काही नव्हतं. कोल्हापुरात पेपर मागून उघडतात. आधी कोण गेलं ते बघायचं, मग रक्षाविसर्जन किती वाजता आहे ते, आणि तिथं जाऊन येण्यापूर्वी वेळ उरला तर देशात काय चाललंय ते. ओळखीच्या माणसाचं रक्षाविसर्जन चुकलं तर पुढं दहा वर्षं लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागतं. म्हणून नागसेनच्या पोर्टलवर बाकी काहीही असलं तरी माणसं येत ती निधनाच्या रकान्यासाठी.

तो रकाना त्यानं सुरू केला त्याला कारण होतं. त्याचे वडील भाऊसो जयसिंगपूरला तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ते वारले तेव्हा घरच्यांनी पेपरच्या वार्ताहराकडे चिठ्ठी दिली होती. जलदानविधी होऊन गेल्यावर बातमी आली. फोटो नव्हता, नाव अर्धंच होतं, आणि शेजारी एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांचा फोटो पाव पान व्यापून होता. ते मात्र वेळेवर वारले होते आणि वेळेवर छापले गेले होते.

तेव्हापासून नागसेनचा नियम ठरला. मेलेल्या माणसाची बातमी फुकट. प्राचार्य असो, हमाल असो, फोटो एकाच मापाचा. आलेल्या क्रमानंच टाकायचं. रक्षाविसर्जन, जलदानविधी, जियारत, ज्याचं जे असेल ते नीट विचारून लिहायचं. पश्चात कोण कोण आहे त्यात मुलीही लिहायच्या. बातमी टाकण्यापूर्वी तो त्या घरी स्वतः फोन करी. "वय किती म्हणालासा? मुली किती? न्हाय, नुसतं 'परिवार' न्हाय, नावं सांगा." मी आतल्या खोलीत चहा घेत असले तरी मला ऐकू येई. कोल्हापुरातला अर्धा परिवार मला असा चहाबरोबर पाठ झाला.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगते. ऑनलाइन पत्रकारितेचं उत्पन्न येतं कुठून यावर माझ्या भाच्यानं मला पुष्कळ समजावलं आहे, पण मला ते निशाकडे बघून आधीच कळलं होतं. ते येतं बायकोच्या पगारातून. निशा एका खासगी इस्पितळात नर्स. 'गल्लीतलं'चं भाडं, वीज, नागसेनचं पेट्रोल आणि सातवीतल्या साक्षीची फी, सगळं तिच्या रात्रपाळीवर चालत होतं. गंमत अशी की शहरात कोण गेलं हे तिला नवऱ्याच्या कितीतरी आधी कळे. पण तिनं एकदाही त्याला सांगितलं नाही.

"अगं, नुसतं नाव सांग. बाकीचं मी बघतो," तो एकदा म्हणाला होता.

"ड्युटीवरचं ड्युटीवर," निशा म्हणाली. "घरच्या माणसांनी सांगितलं की तुम्हाला कळंल."

श्रावणात एकदा ती इस्पितळातून परस्पर इथं आली. गणवेश अंगावरच होता. दारातच उभं राहून म्हणाली, "काकू, तुम्ही साक्षीदार. ह्यांना दिवाळीपर्यंत मुदत. तवर ह्या पेपरनं स्वतःचं पोट भरलं तर भरलं. न्हायतर शिरोलीला माझ्या मावसभावानं फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये जागा बघितलीया, तिथं जायचं."

"दिवाळीच का?" नागसेननं विचारलं.

"आम्हाला बोनस दिवाळीला देतात. तो फ्रिजसाठी हाय. पेपरसाठी न्हाय."

ती गेल्यावर नागसेन बराच वेळ लॅपटॉप न उघडता बसला होता.

माझा भाचा आदर्श पुण्यात असल्या पोर्टलना सल्ला देतो. वाचक कसा आणायचा, कसा धरून ठेवायचा आणि शेवटी त्याच्या खिशात हात कसा घालायचा, हे तो शिकवतो. त्याच महिन्यात तो माझ्याकडे आला असताना मी त्याला नागसेनसमोर बसवलं. आदर्शनं आलेख वरपासून खालपर्यंत बघितला आणि हसत सुटला.

"अहो, तुमच्याकडे सोन्याची खाण आहे आणि तुम्ही ती फुकट वाटताय! हा निधनाचा रकाना. लोकांना हा हवाच आहे. फोटोच्या मापावर दर लावा."

"मापावर न्हाय," नागसेन म्हणाला.

"बरं. मग क्रमावर. पैसे देईल त्याचा माणूस वर."

"ते पण न्हाय."

"मग वाचणाऱ्याकडून घ्या. रकान्याला कुलूप लावा. महिन्याला अगदी थोडे पैसे, पण भरल्याशिवाय उघडणार नाही. याला पेवॉल म्हणतात. आणि तुमचा नियमही मोडत नाही. मेलेल्याकडून कुठं काही घेताय?"

नागसेननं रात्रभर विचार केला असावा. सकाळी डोळे लाल होते. "वाचणाऱ्याकडून घेतलं तर चालतंय, न्हाय का काकू?" असं त्यानं मला विचारलं आणि माझं उत्तर न ऐकता कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी चमत्कार झाला. सभासद येऊ लागले. मंगळवार पेठेतून एक, शिवाजी पेठेतून दोन, कसबा बावड्यातून एक, राजारामपुरीतून एक. आदर्शचा पुण्याहून फोन आला, "मावशी, बघितलंस? लोक पैसे देतात, मागायला यावं लागतं फक्त!" दुसऱ्या दिवशी आणखी काही आले. तिसऱ्या दिवशी थांबले ते थांबलेच. आणि विशेष म्हणजे तक्रार कोणाचीच आली नाही. सगळं शहर निधनाशिवाय शांत बसलं होतं. मला हे विपरीत वाटलं.

चौथ्या दिवशी मी मंडईतून रिक्षानं येत असताना तालमीच्या कोपऱ्यावर गर्दी दिसली. कोल्हापूरच्या पेठांतून तालमींचे फळे असतात. चौकात, भिंतीला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे. त्या फळ्यावर सुरेख वळणदार अक्षरात आजची सगळी निधनं खडूनं लिहिलेली होती. नाव, वय, पश्चात कोण, मुलींच्या नावांसकट. खाली रंगीत खडूनं: 'सौजन्य – गल्लीतलं'. लोक खांद्यावरून वाकून वाचत होते. सायकलवाले एक पाय टेकवून वाचत होते.

मी रिक्षा तशीच घरी नेली, नागसेनला बसवलं आणि परत आले. मी रिक्षातच थांबले. मिशन शाळेत सिस्टर आम्हाला शिकवत, दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकू नये. कोल्हापुरात कान द्यावा लागत नाही.

तालमीच्या कट्ट्यावर अध्यक्ष उदयसिंह बसले होते. पांढरा सदरा, हातात पितळी तांब्या.

"या या पत्रकार! बसा. गुंडू, च्या सांग रं!"

गुंडू म्हणजे फळा लिहिणारा. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर त्याच्याकडे हा फळाच तेवढा उरला होता.

"उदयदादा, हे काय लिवलंय?" नागसेन म्हणाला.

"तुमचंच लिवलंय की. नाव पण टाकलंय खाली. फुकटची जाहिरात करतोय तुमची."

"पर ह्याला कुलूप लावलंय मी. पैसे भरतोय त्यानंच वाचायचं असतंय."

"भरलेत की! तालमीच्या नावानं भरलेत. पावती दावू?"

"ते एकट्या माणसासाठी असतंय."

उदयसिंहांना हे खरोखरच कळलं नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "एकट्यासाठी? गल्लीतला माणूस गेला, ते मी एकट्यानं वाचायचं आणि गप घरात बसायचं? तालमीत पेपर किती येतोय? एक. वाचत्यात किती जण? तुमचाच पेपर काय सोन्यानं मढवलाय?"



"आणि ते ऱ्हाऊ दे," उदयसिंह पुढं म्हणाले. "काल तुमचं लई उशिरा आलं. सकाळचं सात वाजलं तरी फळा मोकळा. लोकं माझ्या अंगावर याय लागली. गिऱ्हाईक हाय आम्ही. सर्व्हिस नीट पायजे."

चहा आला. नागसेननं तो घेतला. जाताना फळ्यावर एका मुलीचं नाव राहिलं होतं ते गुंडूला सांगून भरून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो निधनाच्या बातम्या सकाळी सहालाच टाकू लागला.

संध्याकाळी आदर्शनं फोनवर विचारलं, "मावशी, तुमच्याकडे एका सभासदामागं वाचक साधारण किती पडतात?"

"एक पेठ," मी म्हणाले.

प्रत्येक पेठेनं असंच केलं होतं. भाद्रपदात एक दिवस असा आला की शहरात कोणी गेलंच नाही. निदान नागसेनला कळलं नाही. फळा रिकामा ठेवणं तालमीला कमीपणाचं वाटलं असावं. गुंडूनं पोर्टल खाली-वर करून तो नाल्याचा वृत्तांत शोधला आणि नकाशासकट खडूनं काढला. दिवसभर फळ्यासमोर भांडणं चालली होती. "आमच्या घरात पाणी ह्येच्यामुळं येतंय व्हय!" हे वाक्य मी रिक्षातून तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. नागसेन त्या दिवशी दोनदा निष्कारण त्या चौकातून जाऊन आला. दुसऱ्या दिवशी दोन माणसं वारली आणि नाला पुसला गेला.

वाचक असे वाढत होते आणि उत्पन्न जागच्या जागी होतं. नवरात्रात राजवर्धनदादांचा माणूस आला. राजवर्धनदादा म्हणजे भावी नगरसेवक. ते किती वर्षं भावी आहेत हे विचारायचं नसतं. प्रस्ताव साधा होता. निधनाच्या रकान्याचा सगळा खर्च दादा देणार, कुलूप काढायचं, आणि प्रत्येक बातमीखाली 'शोकाकुल: राजवर्धनदादा युवा मंच' एवढं टाकून दादांचा फोटो लावायचा. दादांना जनतेच्या दुःखात सहभागी व्हायचं होतं, आणि जनतेचं दुःख एकाच जागी रोज मिळत होतं.

नागसेननं दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी निशानं फ्रिजची दोन पत्रकं आणून टेबलावर ठेवली. तो हो म्हणाला, पण अट घातली: दादांचा फोटो गेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा लहान पाहिजे. त्यांनी मान्य केलं. फोटो आला. काळा गॉगल, कानाला फोन, गालात हसू.

"गंभीर न्हाय का एखादा?" नागसेननं विचारलं.

"दादांचे सगळे फोटो वाढदिवसाचेच हायत," माणूस म्हणाला.

खरं होतं. तोच फोटो शहरातल्या प्रत्येक चौकात फ्लेक्सवर होता. तो दिसला की शुभेच्छा द्यायच्या हे लोकांच्या हाताला माहीत झालं होतं.

त्या आठवड्यात झुंबरबाई गेल्या. मंडईत कांदा-लसूण विकायच्या, मीही त्यांच्याकडून घ्यायची. फळा लिहिणाऱ्या गुंडूची आई. गुंडू स्वतः येऊन नागसेनला सांगून गेला होता. वय, मुलगे, मुली, रक्षाविसर्जन. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे जरा काळवंडलेला. त्याच्या खाली दादा लखलखत होते.

संध्याकाळपर्यंत बातमीखाली प्रतिक्रियांचा ढीग लागला. 'हॅपी बर्थडे दादा!' 'वाघ एकच!' 'आई अंबाबाई आपणास उदंड आयुष्य देवो.' 'असेच हसत राहा.' केकची चित्रं, फटाक्यांची चित्रं. मध्येच एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं, तर त्याला तिघांनी दम दिला होता की दादांच्या वाढदिवसाला असलं अभद्र लिहितोस काय.

आदर्शचा फोन आला. आवाज आनंदानं चिरकत होता. "मावशी, नागसेनला दे फोन! एवढ्या प्रतिक्रिया, एवढी एंगेजमेंट पुण्यातल्या मोठ्या पोर्टलना मिळत नाही!"

नागसेननं फोन घेतला नाही. कारण समोर गुंडू उभा होता. डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले, हातात मोबाईल.

"पत्रकार, एक इचारायचं हुतं," तो म्हणाला. "फळ्यावर लिवताना खालचं पण उतरायचं, का नुसतं वरचं?"

"गुंडू, मी काढून टाकतो सगळं. चुकलं माझं."

"चुकलं न्हाय वं. लोकांनी आईला शंभर वर्षं जग म्हणलंय. ती असती तर हसली असती." त्यानं मोबाईल खिशात टाकला. "पन तिचं नाव कुणी वाचलंच न्हाय बघा. एवढ्या जणांत एकानंबी."

तो गेल्यावर नागसेननं दादांना उतरवलं. झुंबरबाईंच्या खालून आणि बाकी सगळ्यांच्या खालूनही. दादांच्या माणसाचा फोन तासाभरात आला. मला वाटलं भांडणार. तर तो खूष होता. "साहेब, काय रिस्पॉन्स! पैसे वाढवून देतो, पन काढू नगा. दादांना एवढ्या शुभेच्छा वाढदिवसाला पण आल्या नव्हत्या."

"त्या झुंबरबाईंच्या हुत्या," नागसेन म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे आता कुलूप नाही, दादा नाहीत आणि दिवाळी तोंडावर. निशानं मावसभावाला फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला. सोमवारपासून यायचं ठरलं. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, हेही तिनंच विचारून घेतलं.

बंद होत असल्याची सूचना कुठं टाकायची, हा प्रश्न होता. मुख्य पानावर टाकली तर वाचणार कोण? म्हणून नागसेननं ती निधनाच्या रकान्यातच टाकली. 'गल्लीतलं रविवारपासून बंद होत आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.' त्या दिवशीच्या तिघांबरोबर, आलेल्या क्रमानं, चौथ्या जागी.

गुंडूनं फळ्यावर लिहिताना ती बाकीच्यांच्या नमुन्यात बसवली. 'गल्लीतलं (वय ४) यांचे अल्पशा आजाराने निधन. पश्चात पत्रकार, पत्नी, एक मुलगी. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता, डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात.' विनोदानं लिहिलं की सवयीनं, हे मला ठरवता आलं नाही. बाकीच्या पेठांनी त्याचा फोटो काढून आपापल्या फळ्यांवर उतरवला.

रविवारी सकाळी मी फाटक उघडलं तर बाहेर माणसं. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे. इकडं अशा वेळी कोणी मोठ्यानं बोलत नाही. हात जोडायचे, खाली बघायचं, कडेला उभं राहायचं. शिवाजी पेठ एका बाजूला, बावडा दुसऱ्या बाजूला. काहीजण माझ्या झाडांच्या कुंड्यांवर टेकले होते. उदयसिंहांनी नागसेनचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वाईट झालं. लई लवकर गेलं."

नागसेन हसला नाही. त्याला हसू येत होतं की रडू, ते मला दिसेना.

उदयसिंहांची आई चिमणाबाई दोन पोरींच्या डोक्यावर बुट्ट्या देऊन आली होती. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची. त्याला कडू घास म्हणतात. म्हातारीला ऐकू कमी येतं. ती मला म्हणाली, "कोन गेलं गं बाई?"

"पेपर गेला, आई," उदयसिंह तिच्या कानाशी ओरडले.

"असू दे. जेवाय तर लागतंयच की."

तेवढ्यात निशा रात्रपाळी करून आली. फाटकातली गर्दी बघून क्षणभर तिचा चेहरा पांढरा पडला. मग फळ्याचा फोटो तिला कोणीतरी दाखवला. तिनं तो वाचला. पिशवी खाली ठेवली.

"एवढी माणसं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "एवढ्या जणांनी म्हयन्याला एका च्याचे दिले असते तर मरायची पाळी आली नसती. जित्तेपणी कुठं हुतासा?"

मग उदयसिंह म्हणाले, "वहिनी, दिले असते की. पन मागितले कुठं? कुलूप लावून बसलं की ह्ये. कुलपाला कोन पैसे देतंय? कुलूप दिसलं की माणूस दुसरी वाट बघतंय. दारात येऊन माणसानं मागितलं तर आमच्या पेठेत न्हाय म्हणायची कुणाची टाप न्हाय. गणपतीला म्हयना-म्हयना हिंडतोय आम्ही. पावती पुस्तक हाय, पोरं हायत. वर्गणी गोळा करतो. काय रं बावडा?"

बावडा हो म्हणाला. शिवाजी पेठ बावड्याच्या आधी हो म्हणाली होती, असं शिवाजी पेठेचं म्हणणं पडलं.

"सोमवारपास्नं मी शिरोलीला जातोय," नागसेन म्हणाला. "ते ठरलंय."

"जावा की. पोटापाण्याचं बघायलाच पायजे. संध्याकाळी येतासा न्हवं? बाकी काय लिवू नगा. नुसतं कोन गेलं तेवढं टाका."

मी नागसेनकडे बघत होते. नाले, नकाशे, चार वर्षं, सगळं त्या 'बाकी काय'मध्ये गेलं होतं. तो निशाकडे वळला.

"संध्याकाळी सातनंतर," निशा म्हणाली. "जेवून. आणि त्या वर्गणीतला पैसा वेगळा ठेवायचा, फ्रिजच्या पैशात मिसळायचा न्हाय."

"मग झालं!" उदयसिंह म्हणाले. "फकस्त एक हाय पत्रकार. वर्गणी आमची पेठ जास्त देनार. तवा आमच्या पेठेचा माणूस गेला तर जरा वर टाकायचा."

"न्हाय. आलेल्या क्रमानं."

"बरं, मग फोटो तरी वाइच मोठा."

"न्हाय, उदयदादा."

"मंग वर्गणी दिऊन आमास्नी मिळालं काय?"

"मुलींची नावं," नागसेन म्हणाला. बावडा हसला, मग शिवाजी पेठही हसली, आणि इतका वेळ खाली बघत उभी असलेली माणसं मोठमोठ्यानं बोलायला लागली. पावती पुस्तक कोणाच्या पेठेतलं वापरायचं यावर लगेच वादही सुरू झाला.

दुपारी आदर्शचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, हे समाजाधारित मॉडेल आहे, पुण्यात पुढच्या महिन्यात परिसंवाद आहे, तिथं हे मांडतो, नागसेनला यायला जमेल का? मी म्हटलं, त्याला रजा मिळायची नाही, नवीन लागलाय.

चिमणाबाईंनी एका घराला पुरतील त्याच्या चौपट भाकरी आणल्या होत्या. रात्री मी, निशा, नागसेन आणि साक्षी, आम्ही चौघं त्या जेवलो तरी बुट्टीच्या तळाशी बऱ्याच उरल्या. टाकायच्या कशा, म्हणून निशा त्या घरी घेऊन गेली. सोमवारी सकाळी तिनं त्यातल्या तीन तव्यावर पुन्हा शेकल्या, पिठल्यात थोडं तेल घालून गरम केलं आणि शिरोलीचा पहिला डबा भरला. बस आल्यावर नागसेन तो हातात घेऊन गेला.